अंश छापता, छेदही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साथीच्या बातम्यांत आकड्यांची कमतरता कधीच नसते आणि ते बहुतेक वेळा खरेही असतात. अडचण एवढीच की अंश छापला जातो आणि छेद गाळला जातो. 'जिल्ह्यात 40 नवे रुग्ण.' किती तपासण्यांतले? 'लस घेतल्यानंतर तिघांचा मृत्यू.' किती जणांनी घेतली होती, त्यांची वये काय होती, लस घेतली नसती तर त्या आठवड्यात त्यांच्यातले किती गेले असते? बातमीच्या शेवटी आरोग्य विभागाचे ठरलेले वाक्य येते, 'घाबरून जाण्याचे कारण नाही, नागरिकांनी काळजी घ्यावी.' घाबरायचे नाही ते कशाच्या भरवशावर आणि काळजी घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र वाचकाला कळत नाही. मग ती पोकळी व्हॉट्सअॅप भरून काढते.

कोव्हिशील्डचेच घ्या, म्हणजे अॅस्ट्राझेनेका कंपनीच्या लशीची आपल्याकडे बनलेली आवृत्ती. एप्रिल 2024 च्या अखेरीस ब्रिटनमधून बातमी आली की अॅस्ट्राझेनेकाने तिथल्या उच्च न्यायालयात दिलेल्या कागदपत्रांत, आपल्या लशीमुळे अत्यंत दुर्मिळ प्रसंगी 'टीटीएस' हा रक्ताच्या गुठळ्यांचा विकार होऊ शकतो, हे मान्य केले आहे. आपल्याकडे ती 'कंपनीची अखेर कबुली' अशा थाटात पसरली. कबुली म्हटले की आधी लपवाछपवी झाली होती, असे वाचक धरूनच चालतो. वस्तुस्थिती अशी की युरोपीय औषध संस्थेने 7 एप्रिल 2021 रोजीच या दुष्परिणामाची नोंद लशीच्या माहितीपत्रकात करायला सांगितले होते. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 17 मे 2021 रोजी त्यावर निवेदन काढले, दरही दिला आणि कोणत्या लक्षणांकडे लक्ष ठेवायचे याची यादीही दिली. म्हणजे 2024 मध्ये उघड झाले ते तीन वर्षे सरकारी संकेतस्थळावर पडून होते. पण ती यादी लसीकरण केंद्रावर दंडात सुई टोचून घेणाऱ्या माणसाला कोणी दाखवली का, हा प्रश्न रास्त आहे. माहिती जाहीर करणे वेगळे आणि ज्याला हवी त्याच्या हातात पडणे वेगळे. विश्वास तडकला तो या दोहोंच्या मधल्या जागेत.

टीटीएसमध्ये रक्ताची गुठळी होते आणि त्याच वेळी प्लेटलेट घसरतात, दीड लाखाच्या खाली येतात. एरवी गुठळीच्या आजारात प्लेटलेट अशा पडत नाहीत, म्हणून हे दोन्ही एकत्र दिसले की संशय घ्यायचा. गुठळी बहुधा मेंदूतून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांत किंवा पोटातल्या शिरांत सापडते. शरीर 'पीएफ 4' नावाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि ती प्लेटलेटना चिथावतात, हे त्यामागचे कारण. म्हणून गुठळीवरचे नेहमीचे हेपारिन इथे टाळतात आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात. लक्षणे लस घेतल्यावर साधारण 4 ते 42 दिवसांत सुरू होतात, आणि तीही मुख्यतः पहिल्या डोसनंतर. आता हिशेब करा. 2021 मध्ये दोन डोस घेतलेल्या माणसाला मे 2024 मध्ये या कारणाने काय धोका उरला होता? काहीच नाही. तरी 'डी-डायमर (गुठळीचा माग काढणारी रक्ततपासणी) करून घेऊ का' ही विचारणा डॉक्टरांकडे फोनवर सुरू झाली. डी-डायमर वयाने वाढते, ताप-संसर्गाने वाढते, गरोदरपणात वाढते, शस्त्रक्रियेनंतर वाढते. लक्षणे नसलेल्या माणसाची ही तपासणी करून भीतीपलीकडे काही हाती लागत नाही. '42 दिवस' हे दोन शब्द मथळ्याखाली असते तर यातले निम्मे फोन वाचले असते. त्यातच 7 मे 2024 पासून कंपनीने युरोपातला विक्री परवाना परत केला. मागणी उरली नव्हती, हे त्याचे दिलेले कारण. इकडे निवडणूक आचारसंहितेमुळे लस प्रमाणपत्रावरून पंतप्रधानांचे छायाचित्र निघाले. तीन वेगळ्या घटनांची एकच गोष्ट झाली आणि ती गावोगावी पोचली.

दर सांगतानाही घोळ होतो. 31 मार्च 2021 पर्यंत ब्रिटनमध्ये दोन कोटींहून जास्त डोसांमागे 79 रुग्ण सापडले, त्यातले 19 दगावले. म्हणजे दहा लाखांमागे 4. पुढे तोच आकडा पहिल्या डोससाठी दहा लाखांमागे सुमारे 15 वर गेला. 'आधी कमी दाखवले, मग वाढवले' असा याचा अर्थ सहज काढला जातो. खरे तर दोन गोष्टी बदलल्या होत्या. डॉक्टर शोधायला लागले तेव्हा जास्त सापडले. आणि छेदातून दुसरे डोस वजा केले, कारण धोका पहिल्यानंतरचा होता. आपल्याकडे 17 मे 2021 च्या निवेदनात दर होता दहा लाख डोसांमागे 0.61, त्याच निवेदनात ब्रिटनचा 4 आणि जर्मनीचा 10 दिला होता. एवढा फरक का? दक्षिण आशियाई लोकांत हा धोका मुळातच कमी असू शकतो, आणि तालुक्याच्या गावी डोके दुखते म्हणून आलेल्या रुग्णाची प्लेटलेट मोजून मेंदूच्या शिरांचा स्कॅन होणे अवघड, हेही तितकेच खरे. 'भारतात धोका कमी' हे वाक्य छापताना 'नोंदलेला' हा शब्द मध्ये घालावा लागतो. तो गाळला की पुढे कोणी जास्त आकडा आणून ठेवला, की सरकार खोटे पडते.

धोका सांगण्याचा उत्तम नमुना त्याच दिवसांत ब्रिटनने दाखवला होता. केंब्रिज विद्यापीठातल्या विंटन केंद्राने एक साधा तक्ता केला. डावीकडे लशीमुळे टळणारे अतिदक्षता विभागातले प्रवेश, उजवीकडे लशीमुळे होऊ शकणारे गंभीर नुकसान, दोन्ही दर एक लाख माणसांमागे आणि 16 आठवड्यांसाठी, वयोगटांनुसार. साथ ओसरलेली असताना 60 ते 69 वयात टळणारे प्रवेश 14.1 आणि नुकसान 0.2. तिथे वादच नाही. 20 ते 29 वयात मात्र टळणारे 0.8 आणि नुकसान 1.1. म्हणजे तरुणांना त्या क्षणी नफ्यापेक्षा तोटा जरा जास्त. म्हणून तिशीच्या आतल्यांना दुसरी लस देण्याचा सल्ला दिला गेला. पण त्याच तक्त्याचे आणखी एक पान होते. साथ शिखरावर असती तर याच तरुणांत टळणारे प्रवेश 6.9 झाले असते आणि नुकसान 1.1 च राहिले असते. लस तीच, वय तेच, निर्णय उलटा.

आपल्याकडे 18 ते 44 वयोगटाचे लसीकरण 1 मे 2021 रोजी खुले झाले तेव्हा दुसरी लाट ऐन भरात होती. खाट आणि ऑक्सिजनसाठी रांगा होत्या आणि बहुतेक केंद्रांवर दुसऱ्या लशीचा पर्यायही नव्हता. ब्रिटनने तरुणांना थांबवले आणि आपण दिली, हे दोन्ही निर्णय आपापल्या जागी समर्थनीय होते. हा तक्ता आपल्या वयोगटांसाठी, आपल्या संसर्गदरावर मांडून मराठीत छापला गेला असता, तर 2024 मध्ये 'आम्हाला फसवले' म्हणणाऱ्यांपुढे ठेवायला काही तरी असते. तो आजही मांडता येईल. त्याला लागते काय? वयोगटनिहाय संसर्गदर, वयोगटनिहाय अतिदक्षता प्रवेश आणि दुष्परिणामाचा दर, एवढेच.

लस घेतल्यानंतर झालेला मृत्यू आणि लशीमुळे झालेला मृत्यू यातला फरक सर्वांना तोंडपाठ आहे, पण तो मोजून दाखवला जात नाही. साठीपुढच्या एक कोटी लोकांना लस दिली असे धरा. या वयात वर्षाला हजारी 40 मृत्यू होतात असे समजले, तर वर्षाला चार लाख आणि आठवड्याला साधारण 7,700 मृत्यू लशीशी काही संबंध नसतानाही होणारच. त्यातला प्रत्येक मृत्यू त्या आठवड्यात 'लस घेतल्यानंतर सात दिवसांत' झालेला असेल. म्हणून 'लस घेतल्यानंतर इतक्यांचा मृत्यू' या बातमीत एरवी किती अपेक्षित होते हा आकडा नसेल, तर ती बातमी अर्धवट आहे. याचा अर्थ लशीने कोणी दगावतच नाही, असा अजिबात नाही. लशीनंतरच्या दुष्परिणामांची छाननी करणाऱ्या राष्ट्रीय समितीने तपासलेल्या पहिल्या 31 गंभीर घटनांत 18 योगायोगाच्या निघाल्या, 7 अनिश्चित, 3 लशीमुळे, 1 सुईच्या भीतीने आणि 2 वर्गीकरणच होऊ न शकलेल्या. लशीमुळे झालेल्या तीन घटनांपैकी एक मृत्यू होता, तीव्र अॅलर्जीने म्हणजेच अॅनाफायलॅक्सिसने, मार्च 2021 मध्ये. हा निष्कर्ष लोकांना कळला जूनमध्ये. अर्धा तास केंद्रावर बसवून ठेवतात ते याचसाठी, हे त्या मार्चमध्येच ठणकावून सांगायला हवे होते. उशिरा आलेली कबुली ही लोकांना कबुली न वाटता पकडले गेल्यासारखी वाटते.

तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दल एक ओळ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) 47 रुग्णालयांतून 18 ते 45 वयाच्या 729 अनाकलनीय मृत्यूंची 2,916 जिवंत व्यक्तींशी तुलना केली. दोन डोस घेतलेल्यांत अशा मृत्यूची शक्यता जवळपास निम्मी होती. कोविडने रुग्णालयात दाखल झालेले, घरात असा मृत्यू झालेला असणारे आणि आदल्या दोन दिवसांत प्रचंड दारू प्यालेले, यांच्यात ती जास्त होती. 'लशीने हृदय वाचवले' असाही याचा अर्थ काढू नये. लस घेणारा माणूस मुळात तब्येतीची निगा राखणारा असतो, त्याचाही वाटा त्या आकड्यात असणार. पण 'लशीने तरुण मरत आहेत' हा दावा या आकड्यांपुढे टिकत नाही.

आणखी एक हमखास फसणारी बातमी म्हणजे 'दाखल रुग्णांपैकी बहुतांश लस घेतलेले'. एका शहरात साठीपुढचे एक लाख लोक आहेत. 95 टक्क्यांनी लस घेतली आहे. लस न घेतलेल्यांत दाखल होण्याचे प्रमाण 1 टक्का आहे आणि लस ते 80 टक्क्यांनी कमी करते. न घेतलेले 5,000, त्यातले दाखल 50. घेतलेले 95,000, त्यांचा दर 0.2 टक्का, दाखल 190. एकूण 240 पैकी 190 लस घेतलेले, म्हणजे 79 टक्के. लस उत्तम काम करत असतानाही वॉर्डात लस घेतलेलेच जास्त दिसणार, कारण शहरात तेच जास्त आहेत. वॉर्डातल्या डॉक्टरलाही हे चकवते, वार्ताहराला तर चकवणारच. दोन्ही गटांचा दर शेजारी शेजारी छापला की पुरते.

लशीच्या टक्केवारीतही हीच गफलत आहे. फायझरच्या चाचणीत सुमारे 43,000 जणांपैकी प्लासिबो म्हणजे औषध नसलेली सुई टोचलेल्या गटात 162 आजारी पडले, लस गटात 8. यावरून 95 टक्के परिणामकारकता आली. त्याचा अर्थ 'शंभरातले पाच आजारी पडणार' असा अनेकांनी घेतला. प्रत्यक्षात चाचणीच्या काळात प्लासिबो गटातलेही शंभरात एकापेक्षा कमीच आजारी पडले होते. सापेक्ष घट (दुसऱ्या गटाच्या तुलनेत किती टक्के) आणि प्रत्यक्ष घट (शंभर माणसांमागे किती), दोन्ही द्यायला दोन ओळी लागतात. कोव्हॅक्सिनच्या बाबतीत तर 3 जानेवारी 2021 रोजी परवानगी देताना परिणामकारकतेचा आकडाच हाती नव्हता. 'क्लिनिकल ट्रायल मोड'मध्ये, म्हणजे चाचणीच्या अटींखाली परवानगी, असा शब्दप्रयोग झाला. पुढे 77.8 टक्के हा आकडा आला आणि तो वाईट नव्हता. पण ज्यांनी जानेवारीत शंका विचारली त्यांना देशद्रोही ठरवण्यात वेळ गेला. 'आकडा अजून यायचा आहे, अमुक महिन्यात येईल, तोपर्यंत या कारणाने देत आहोत' असे सांगितले असते तर लशीचेच भले झाले असते.

आता मृत्यूंच्या मोजणीकडे येतो, कारण अविश्वासाचे सर्वांत खोल मूळ तिथे आहे. 16 जून 2020 रोजी महाराष्ट्राच्या यादीत एका दिवसात 1,409 मृत्यू चढले. त्यातले नवे 81. उरलेले 1,328 ताळमेळ घालताना सापडलेले जुने, आणि त्यांत एकट्या मुंबईतले 862. ताळमेळ घालणे हे योग्यच काम आहे. पण आलेख काढणाऱ्याने ते 1,409 त्या एकाच तारखेला लावले की तिथे सुळका उभा राहतो आणि त्याआधीचे आठवडे खोटे सौम्य दिसतात. मृत्यू ज्या तारखेला झाला त्या तारखेला मांडायचा आणि अलीकडचे दहा-बारा दिवस 'अपुरे' म्हणून फिकट रंगात दाखवायचे, ही साधी पद्धत आहे. यात कसली चलाखी नाही, पण फार थोड्यांनी ती वापरली.

मृत्यू प्रमाणपत्राचा फॉर्म 4 पाहिला की गडबड कुठे होते ते दिसते. पहिला भाग तीन ओळींचा: (अ) तात्कालिक कारण, (ब) त्यामागचे, (क) मूळ कारण. कोविड न्यूमोनियाने गेलेल्या मधुमेही माणसाचे (अ) मध्ये तीव्र श्वसनविकार, (ब) मध्ये न्यूमोनिया, (क) मध्ये कोविड-19, संकेतांक यू 07.1, आणि मधुमेह दुसऱ्या भागात, हातभार लावणारा आजार म्हणून. आयसीएमआरने मे 2020 मध्ये हेच सांगितले होते. प्रत्यक्षात अनेक प्रमाणपत्रांवर (अ) मध्ये 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' असते आणि खालच्या ओळी रिकाम्या. हृदय आणि श्वास थांबणे हे तर प्रत्येकाच्याच मृत्यूत होते, ते कारण नव्हे. कारणांचे वर्गीकरण करणाऱ्याला मग मधुमेह सापडतो आणि कोविड यादीतून निसटतो. त्यातही देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू चौथाईहून कमी आहेत. उरलेल्यांचे कारण कोणी लिहिलेलेच नाही.

म्हणूनच जाणकार कोविड मृत्यूंपेक्षा एकूण मृत्यू बघतात. नागरी नोंदणीनुसार देशात 2019 मध्ये 76.4 लाख, 2020 मध्ये 81.2 लाख आणि 2021 मध्ये 1.02 कोटी मृत्यू नोंदले गेले. 2021 मधले अधिकृत कोविड मृत्यू होते साधारण 3.3 लाख, आणि एकूण नोंदी वाढल्या सुमारे 21 लाखांनी. यातली सगळी वाढ कोविडची नाही. नोंदणीचे प्रमाणही दरवर्षी सुधारते, काही लोक खाट न मिळाल्याने इतर आजारांनी गेले. पण 3.3 आणि 21 मधली दरी केवळ नोंदणी सुधारल्याने भरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020-21 साठी भारताचा अंदाज 47 लाख दिला तेव्हा सरकारने पद्धतीवर आक्षेप घेतला, तो घ्यायला हरकत नव्हती. पण स्वतःचा 2021 चा नोंदणी अहवाल मे 2025 मध्ये आला. चार वर्षे आकडा न देता दुसऱ्याच्या आकड्यावर फक्त हरकत घेतली, की वाचक कोणाच्या बाजूला झुकणार हे सांगायला नको. कोविडने गेलेल्यांच्या वारसांना द्यायच्या सानुग्रह अनुदानाच्या पन्नास हजारांसाठी महाराष्ट्रात अधिकृत मृत्यूंपेक्षा जास्त अर्ज आले, तेव्हाही 'बोगस अर्ज' एवढेच ठळक झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतरच्या निकषात चाचणीपासून 30 दिवसांतले, घरी झालेले मृत्यूही धरले होते. व्याख्या रुंद झाल्यावर आकडा वाढणारच, हे क्वचितच कोणी लिहिले.

प्रामाणिक मोजणीची शिक्षा कशी मिळते, हे केरळने पाहिले. 2021 च्या उन्हाळ्यानंतर देशातले निम्म्याहून जास्त रुग्ण तिथे निघत होते आणि 'केरळ मॉडेल फसले' म्हणून टाळ्या पिटल्या गेल्या. आयसीएमआरच्या चौथ्या सीरो सर्वेक्षणात, जून-जुलै 2021 मध्ये, देशात 67.6 टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली, मध्य प्रदेशात 79 टक्के, महाराष्ट्रात 58 टक्के आणि केरळात सर्वांत कमी, 44.4 टक्के. म्हणजे केरळात संसर्ग कमी जणांना झाला होता, पण झालेल्यांपैकी जास्त जण शोधले गेले होते. जास्त रुग्ण दाखवणाऱ्या जिल्ह्याला लाल रंग द्यायचा आणि न शोधणाऱ्याला हिरवा, असे नकाशे छापले की पुढच्या वेळी जिल्हाधिकारी काय शिकतील?

बाधित दराचेही, म्हणजे तपासण्यांपैकी किती टक्के बाधित निघाल्या त्याचेही, तसेच. जून 2021 मध्ये महाराष्ट्राने निर्बंधांचे पाच स्तर केले. बाधित दर 5 टक्क्यांखाली आणि ऑक्सिजन खाटा 25 टक्क्यांखाली भरलेल्या, तर पहिला स्तर. दर 5 ते 10 तर तिसरा, 10 ते 20 चौथा. कल्पना चांगली, पण दर ढिला. एका जिल्ह्यात आठवड्यात 10,000 आरटीपीसीआर झाल्या, 1,200 बाधित, म्हणजे 12 टक्के, चौथा स्तर. आता बाजारपेठेत लक्षणे नसलेल्या 15,000 जणांच्या अँटिजेन तपासण्या करा, 300 बाधित निघतील. एकूण 25,000 मध्ये 1,500, म्हणजे 6 टक्के. जिल्हा तिसऱ्या स्तरावर आला, दुकाने उघडली, विषाणू होता तिथेच आहे. आयसीएमआरच्या स्वतःच्या पडताळणीत अँटिजेन किटची संवेदनशीलता 50.6 ते 84 टक्के निघाली होती, म्हणजे बाधितांतला निम्म्यापर्यंत हिस्सा ती सोडून देऊ शकते. लक्षणे असून अँटिजेन नकारात्मक आली तर आरटीपीसीआर करायचीच, असा नियम होता, तो पुष्कळदा कागदावर राहिला. हे लक्षात आल्यावर 25 जून 2021 च्या आदेशाने दर फक्त आरटीपीसीआरवर काढायचा असे ठरले. सुधारणा योग्य होती. मात्र व्यापाऱ्याला दिसले एवढेच की तीन आठवड्यांत नियम बदलला. त्याआधी 3 जूनला एका मंत्र्यांनी स्तरांची घोषणा केली आणि काही तासांत मुख्यमंत्री कार्यालयाने 'निर्णय विचाराधीन' असे कळवले, ते वेगळेच.

निश्चिततेचा आव हाही विश्वास खाणारा. जागतिक आरोग्य संघटनेने 28 मार्च 2020 रोजी कोविड हवेतून पसरत नाही असे ठासून सांगितले. मे 2021 मध्ये आपल्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सूक्ष्म कण हवेत 10 मीटरपर्यंत जाऊ शकतात असे सांगून खिडक्या उघडा, पंखे लावा असा सल्ला दिला. मधल्या वर्षभरात लोकांनी भाजी धुतली, नोटांना इस्त्री केली आणि बंद खोलीत एसी लावून लग्ने उरकली.

प्लाझ्माची, म्हणजे बरे झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवाने करायच्या उपचाराची, कथा यापेक्षा दुःखद. प्लाझ्माचा उपयोग होत नाही हे आयसीएमआरच्या 39 रुग्णालयांतल्या 464 रुग्णांवरच्या चाचणीत 2020 मध्येच दिसले होते, तो मार्गदर्शिकेतून निघाला 17 मे 2021 ला. तोवर नातेवाईक रक्तदाते शोधत फिरले. प्राण वाचवणारे डेक्सामेथासोन दिवसाला 6 मिलिग्रॅम, दहा दिवस, आणि अगदी स्वस्त. ते ऑक्सिजनवर असलेल्यांसाठीच, बाकीच्यांना त्याचा फायदा दिसला नाही, नुकसानच संभवते. त्याची बातमी कधी पहिल्या पानावर टिकली नाही, कारण त्याचा तुटवडा कधी झाला नाही.

आपल्या दैनिकाकडे मागणे फार नाही. रुग्णसंख्या छापताना तपासण्यांची संख्या आणि प्रकार त्याच ओळीत असावा. रविवारी तपासण्या कमी होतात, त्यामुळे सोमवारी 'रुग्णसंख्येत दिलासा' हा मथळा दर आठवड्याला येतो. सात दिवसांची सरासरी दिली तर तो टळेल. धोका नेहमी एकाच छेदावर द्यावा, दर लाखामागे तर सगळीकडे लाखामागे. '65 हजारांत एक' आणि 'अडीच लाखांत एक' हे शेजारी छापले की मोठी संख्या मोठा धोका वाटते, प्रत्यक्षात उलट असते. वाढ टक्क्यांत सांगताना दुप्पट व्हायला किती दिवस लागतील तेही सांगावे. 70 ला रोजच्या वाढीच्या टक्क्यांनी भागले की अंदाज येतो: रोज 2 टक्के वाढ म्हणजे 35 दिवस, 7 टक्के म्हणजे 10 दिवस. एप्रिल 2021 मध्ये खाटा का पुरल्या नाहीत, हे या एका भागाकारात आहे. अधिकाऱ्याने 'घाबरू नका' म्हटले तर वार्ताहराने तीन प्रश्न विचारावेत: कोणत्या वयाला आणि आजाराला किती धोका, आज काय माहीत नाही, आणि पुढची माहिती कोणत्या तारखेला देणार. ती तारीख बातमीत छापावी आणि त्या दिवशी पाठपुरावा करावा. जानेवारी 2025 मध्ये एचएमपीव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूला 'चीनचा नवा विषाणू' म्हटले गेले. तो 2001 मध्ये नेदरलँड्समध्ये सापडला होता आणि लहान मुलांच्या सर्दी-खोकल्यात आपल्याकडेही आधीपासून होता. एका फोनवर हे कळले असते.

आणि लशीच्या दुष्परिणामाची बातमी येईल तेव्हा तिच्याखाली चौकटीत एवढे असावे: लस घेतल्यावर तीव्र डोकेदुखी, धाप, छातीत किंवा सतत पोटात दुखणे, पाय सुजणे, टोचल्या जागेपासून दूर त्वचेवर लाल ठिपके दिसले तर लगेच डॉक्टरांकडे जावे आणि कोणती लस कधी घेतली ते सांगावे. गंभीर घटना आशाताई, एएनएम किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावी. त्यांच्याकडून नोंदणी फॉर्म 48 तासांत जिल्ह्यामार्फत पुढे जाणे अपेक्षित आहे, तो गेला का हे जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यांकडे विचारण्याचा कुटुंबाला पूर्ण अधिकार आहे. औषधांच्या दुष्परिणामांसाठीचा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक 1800-180-3024 हाही तिथेच द्यावा.

आपला,
रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, मिरज